सभापतीबाईंनी केलेली एकमेव बदली

उंबरवेढ्याची शकू शिक्षण सभापती झाली, त्यात शिक्षणाचा काडीचाही संबंध नव्हता. मुरबाड तालुक्यातला तिचा जिल्हा परिषदेचा गट त्या खेपेला बायकांसाठी राखीव निघाला. तिचा नवरा महिपत कधीपासून पांढरे कपडे शिवून तयारीत बसलेला. त्यानं ते मुकाट्यानं कपाटात ठेवले आणि फोटोवाल्याला घरी बोलावलं. शकू तेव्हा मागच्या अंगणात पेंढा रचत होती. पदर घे, हात जोड, जरा हस, असं महिपत म्हणाला. तिनं ते सगळं केलं आणि तेवढ्यावर निवडून आली.

पुढं सभापतिपदं वाटायची वेळ आली. बांधकाम समितीसाठी दोन गट एकमेकांच्या उरावर बसले, महिला-बालकल्याण तिसऱ्यानं पळवलं, आणि शिक्षण कोणालाच नको होतं म्हणून ते शकूच्या पदरात पडलं. महिपत आठवडाभर तोंड पाडून फिरत होता. शाळेत काय सिमेंट लागतं काय, म्हणायचा. सिमेंट नाही म्हणजे ठेकेदार नाही, आणि ठेकेदार नाही तर मग दारात गाड्या कोणाच्या उभ्या राहणार?

पण गाड्या आल्या हो. आल्या त्या शिक्षकांच्या. शिक्षकाला आयुष्यात एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे बदली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या शाळेतल्या माणसाला मुरबाडात यायचं असतं, मुरबाडच्याला कल्याणच्या जवळ सरकायचं असतं. शकूला पहिल्या महिन्यातच कळलं, की बदल्यांचं सगळं ऑनलाइन झालंय. अर्ज शिक्षकानं भरायचा, शाळांची नावं त्यानंच टाकायची आणि निकाल कॉम्प्युटर लावणार. सभापतीला त्यात बोट घालायलासुद्धा जागा नाही. तिनं अधिकाऱ्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. पण दारात आलेल्या बाईला, जिचं तान्हं पोर गाडीत रडतंय, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की माझ्या हातात काही नाही? शकू म्हणायची, ‘बघते हां, बाय.’ नाही म्हणायची तिची ती रीत होती. सासरी ती तसंच म्हणायची, आणि घरातल्यांना त्याचा अर्थ बरोबर कळायचा.

शिक्षकांना नाही कळला. त्या उन्हाळ्यात यादी लागली, तान्ह्या पोराच्या आईला हवी ती शाळा मिळाली, आणि ती बाई गावठी कोंबडा घेऊन दारात हजर. चांगला तुरेवाला, पाय बांधलेला. शकू म्हणायला गेली, की बाय, हे मी नाय केलं, कॉम्प्युटरनं केलं. तेवढ्यात महिपत मोठ्यानं खाकरला आणि म्हणाला, ‘असू द्या, असू द्या, आमचं कर्तव्यच आहे ते.’ शकूनं उघडलेलं तोंड मिटलं. तिथंच ती फसली.

त्यानंतर दरसाल तेच. ज्याचं काम झालं, त्याचं शकूताईंनी केलं. ज्याचं राहिलं, त्याचं वरून अडलं. कोंबड्यांनी अंगण भरलं. महिपत त्यांना शाळांच्या गावांची नावं देऊन हाका मारायचा. ऑनलाइन असतं हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांचा सगळ्यांचा ठाम विश्वास, की कॉम्प्युटरच्या मागंही कोणीतरी बसलेलं असतं आणि त्या माणसाला शकूताईंचा फोन जातो. शकूला आधी लाज वाटायची, मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मग आवडायलाही लागलं. नववी शिकलेल्या बाईला बीएड झालेली माणसं वाकून नमस्कार करतात, हे कोणाला आवडणार नाही?

बरं, ती नुसती बाहुली होती असंही समजू नका. गळक्या छपरांच्या मागं लागून तिनं शाळा दुरुस्त करून घेतल्या, पोषण आहाराच्या खिचडीत स्वतः डाव घालून बघायची. आणि फायली वाचायला तिला शिकवलं ते गावातल्याच शाळेच्या रुपाली बाईंनी. बाई संगमनेरकडच्या. उंबरवेढ्याला येऊन त्यांना बरीच वर्षं झालेली, मुरबाडला खोली घेऊन राहायच्या, शनिवारी घरी जायच्या, पण घरचं कधी बोलायच्या नाहीत. शाळा सुटली की शकू फाइल घेऊन वर्गात जाऊन बसायची आणि बाई समजावून सांगायच्या, की ‘अवलोकनार्थ’ म्हणजे नुसतं बघायचं, ‘मान्यतेस्तव’ म्हणजे आधी विचार करायचा आणि मग सही. दोघी चहा प्यायच्या. शकूला सभापती झाल्यापासून मिळालेली ती एकुलती एक मैत्रीण.

पोरांचं तर बाईंवाचून पान हलत नव्हतं. देवजीची नात भूमिका चौथीत होती, ती सुट्टीच्या दिवशीही शाळेच्या पायरीवर जाऊन बसायची. देवजी म्हणजे गावातला मोठा माणूस, शाळा समितीचा अध्यक्ष. त्याचा शब्द गावात कोणी ओलांडत नाही.

आता महिपतचं बघा. निवडणूक तोंडावर आली होती आणि त्याच्या डोक्यात आलं, सभापती चषक भरवायचा. टेनिस बॉलचं क्रिकेट, रात्रीचे सामने, लाइटचे खांब, डीजे, सगळं. मैदान शाळेचं. रुपाली बाई म्हणाल्या, परीक्षा आठवड्यावर आलीय, मैदान मिळणार नाही. महिपत हसला आणि मांडववाल्याला घेऊन गेला. तर बाईंनी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि पोरांना मैदानात बसवून मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. सगळं गाव कुंपणाबाहेर उभं राहून बघत होतं. महिपत परत फिरला, चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि दहा माणसांत म्हणाला, ‘बघतो ही बाई किती दिवस या गावात राहते.’

शकूला संध्याकाळी कळलं. तिनं त्याला असं काही फैलावर घेतलं, की तो दोन दिवस माळ्यावर झोपला. ती बाईंकडे जाऊन माफीही मागून आली. बाई म्हणाल्या, सोडा हो ताई, पुरुषमाणसं बोलतात. विषय मिटला.

तो मिटला नव्हता. मे महिन्यात यादी लागली आणि रुपाली बाईंची बदली झाली. थेट शहापूर तालुक्यात, भातसानगरच्या बाजूला.

गावात कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं? जी बाई फोन करून हव्या त्या माणसाला हवी ती शाळा देते, तिनं नको त्या माणसाला गावातून काढलं, एवढं तर बारक्या पोरालाही कळत होतं. इतकी वर्षं कोंबडे घेतले, आता कॉम्प्युटरचं नाव सांगून कोण ऐकणार? शकूनं दोन-चार बायकांजवळ सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, ‘हो गो, असंल तसं,’ आणि हंडा उचलून चालत्या झाल्या.

आपल्याकडं माणसाला शिक्षा करायची तर भांडत नाहीत, हळदीला बोलवत नाहीत. मुरबाड-शहापुरात हळद म्हणजे काय, ते निवडणूक लढवलेल्या माणसाला विचारा. भाषणानं मतं मिळत नाहीत, हळदीला जाऊन मिळतात. एका रात्रीत पाच-पाच मांडवांत जायचं, प्रत्येक ठिकाणी दोन घास खायचे, आणि माइकवाला ओरडतो, की आपल्या लाडक्या सभापती शकूताई यांचं आगमन झालेलं आहे, की झालं काम. त्या मे महिन्यात शकूच्या घरी पत्रिका यायच्या थांबल्या. देवजीच्या पुतण्याची हळद तर समोरच्याच आळीत होती. मांडव ओटीवरून दिसत होता, माइकवाला एकेक नाव घेत होता. पलीकडच्या गावचा माजी उपसरपंचसुद्धा सोडला नाही त्यानं. शकू ओटीवर बसून ऐकत राहिली. महिपत म्हणाला, जेवण वाढ. ती म्हणाली, तूच घे वाढून.

पक्षाच्या तालुका अध्यक्षाचा फोन आला, तो काही गोड बोलायला आला नव्हता. गावच विरोधात असेल तर तिकीट कोणत्या तोंडानं द्यायचं, म्हणाला. शाळा उघडली की बाईंचा निरोप समारंभ आहे ना, मी येतो, गाव काय म्हणतंय ते बघतो आणि मग ठरवतो. आता शकूला ते तिकीट हवं होतं. आधी ढकलून उभी केलेली बाई असेल ती, पण आता तिला काम कळायला लागलं होतं, अर्ध्या शाळांची छपरं अजून बाकी होती, आणि घरी बसून पेंढा रचायची तिची आता तयारी नव्हती. पण त्याहून जास्त जीव तुटत होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. यादी लागल्यापासून रुपाली बाईंचा एक फोन आला नव्हता. बाईंनाही तसंच वाटत असेल, तर मग संपलंच.

समारंभाच्या आदल्या दिवशी भरदुपारी रुपाली बाई स्वतःच आल्या. ओटीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, पदराशी चाळा करत राहिल्या. महिपत घरात नव्हता.

‘ताई,’ त्या म्हणाल्या, ‘बदली मी मागितली होती. अर्ज मीच भरला.’

शकूला आधी नीट ऐकूच आलं नाही जणू. मग बाई एका दमात बोलत सुटल्या. त्यांचे यजमान भातसा धरणावर नोकरीला, घर तिथल्या वसाहतीत. मुलगा तिथंच आजीजवळ वाढला. बाई शनिवारी जायच्या, रविवारी परत. गेल्या वर्षी तो पहिलीत गेला. एका रविवारी बाई पिशवी भरत होत्या, तेव्हा त्यानं विचारलं, की तू तिकडच्या मुलांची आई आहेस का? त्याच रात्री त्यांनी अर्ज भरला. आणि उंबरवेढ्याच्या पोरांना त्या दरसाल सांगत आल्या होत्या, की मी कुठं जाणार नाही. यादी लागली, देवजी धावत आला, म्हणाला, त्या महिपतनं डाव साधला. बाईंनी सांगायला तोंड उघडलं, मागं भूमिका उभी होती, आणि त्यांनी तोंड मिटलं.

‘आणि मी?’ शकू म्हणाली. ‘माझं घर वाळीत टाकल्यासारखं झालंय, तुमाला दिसत नव्हतं?’

दिसत होतं, बाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. शकूनं त्यांना रडू दिलं. तिला राग आला होता, भयंकर आला होता, आणि तो बरोबरच होता. जिला मैत्रीण म्हटलं, तिनं महिनाभर हिला फासावर लटकू दिलं. पण रागाच्या मागून दुसरं काहीतरी वर आलं. न केलेल्या कामाचं कौतुक होत असताना तोंड मिटणं किती सोपं असतं, हे शकूला कोणी शिकवायची गरज नव्हती. बाईंना निदान कारण तरी होतं.

बाई डोळे पुसून म्हणाल्या, मी उद्या माइकवर सगळं सांगते. सगळ्या गावासमोर. शकू म्हणाली, सांगा. आणि बाई गेल्यावर तिनं बऱ्याच दिवसांनी पोटभर भात खाल्ला. महिपतला तिनं फक्त एवढंच सांगितलं, की उद्या अध्यक्षाला अगदी पुढं बसव.

दुसऱ्या दिवशी शाळेचा मोठा वर्ग माणसांनी भरला, उरलेली व्हरांड्यात उभी राहिली. शकूला खुर्ची दिली खरी, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या कोणी घेतल्या नाहीत. शेवटी एकीवर अध्यक्ष येऊन बसला. शकूचं त्या दिवशी काही बिघडत नव्हतं. नवं लुगडं नेसून आली होती आणि वाट बघत होती.

पोरांची भाषणं सुरू झाली. एकदोन पोरं पाठ केलेलं विसरून रडली. मग भूमिका उभी राहिली. तिनं काही पाठ केलेलं नव्हतं. ती म्हणाली, आमच्या बाईंनी आमाला सांगितलं होतं, मी कुठं नाय जाणार. बाई खोटं नाय बोलत. बाईंना पाठवलंय. आणि बोलताना तिनं शकूकडं बघितलं. नऊ-दहा वर्षांची पोर, पण काय नजर होती ती!

मग देवजीनं शाल दिली, नारळ दिला आणि बाईंच्या हातात माइक दिला. बाई उभ्या राहिल्या.

‘मुलांनो, मला तुम्हाला एक सांगायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘माझी बदली जी झाली...’

आणि थांबल्या. पोरं जमिनीवर मांडी घालून बसली होती, मान वर करून, बाई धडा सांगायला लागल्या की बसतात तशी. बाईंनी पुन्हा सुरुवात केली, ‘माझी बदली...’ आणि पुन्हा आवाज बसला. त्या भूमिकेकडं बघत होत्या.

शकू पुढच्या रांगेतून ते सगळं बघत होती. बोला की, बोला ना बाई, असं ती मनात म्हणत होती. आणि तसं म्हणता म्हणताच तिला पुढचं दिसायला लागलं. बाई सांगतील. गावाला कळेल. देवजी येऊन हात जोडेल, तिकीट मिळेल, पुढच्या साली हळदीच्या पत्रिका येतील. मोठी माणसं समजून घेतील, आईचं काळीज वगैरे म्हणतील. पण या खाली बसलेल्या पोरांना एवढंच कळेल, की बाईंना स्वतःचं पोर हवं होतं, आपण नको होतो. बाई म्हणाल्या होत्या जाणार नाही, आणि स्वतःच अर्ज भरून गेल्या. बाईंना कोणी हाकललं तर बाई यांच्याच राहतात. बाई आपणहून गेल्या तर यांच्याकडं काय उरतं? शकूला दहावीला बसायच्या आधीच शाळा सोडायला लावली होती. तिला अजून वाटत होतं, की तिचे मास्तर तिच्यासाठी भांडले असते, तर... ते भांडले नव्हते, लग्नाला जेवायला आले होते. ते तिला चाळिशी उलटली तरी टोचत होतं.

छे, काय ही बया, असं ती स्वतःलाच म्हणाली आणि उठली. तिनं बाईंच्या हातातून माइक घेतला.

‘बाईंना बोलवत नाय,’ ती म्हणाली. ‘मी सांगते. बाईंची बदली मी केली. त्यांनी मागितली नव्हती. त्यांना इथंच राहायचं होतं.’

दाराशी उभ्या असलेल्या महिपतचं तोंड उघडं पडलं. गावात तो एकटाच असा होता, ज्याला पक्कं ठाऊक होतं, की ही बाई शाळेतला माठसुद्धा या वर्गातून त्या वर्गात हलवू शकत नाही.

देवजी सावकाश पुढं आला. ‘कशापायी?’ त्यानं विचारलं.

‘मैदान दिलं नाय म्हणून,’ शकू म्हणाली.

अध्यक्षानं पाण्याच्या बाटलीला झाकण लावलं, ती खुर्चीखाली ठेवली आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. तिकिटाचं जे व्हायचं ते तिथंच झालं, शकूला ते त्याच्या पाठीवरूनच कळलं. देवजी काही ओरडला नाही. इतकंच म्हणाला, की ताई, आता तुमी आमच्या दारात येऊ नका, मतं मागायलाही नको आणि पाणी प्यायलाही नको. शकूनं मान डोलावली. रुपाली बाई मात्र एकदम पुढं आल्या, ‘नाही हो, ऐका माझं, ताईंनी...’ असं काहीतरी बोलायला लागल्या. शकूनं त्यांचा हात धरला, जोरात धरला, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘गप बसा बाई. पोरगा वाट बघतोय तुमची.’

बाईंना हुंदका फुटला तो मग आवरेना. त्यांना तसं रडताना बघून पोरं उठली आणि सगळी मिळून त्यांना जाऊन बिलगली. कोणाच्या हाताला पदर आला, कोणाच्या हाताला शाल. शकू त्या गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाली. लोक बाजूला सरकत होते, पण तिच्याकडं बघत नव्हते. तिला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, उगाच धीराची सोंगं कशाला? नव्या लुगड्याचा काठ पायात येत होता.

व्हरांड्यात चपलांचा ढीग पडला होता. ती वाकून त्यात आपल्या चपला शोधत होती, तेव्हा आतून भूमिकेचा आवाज आला. पोर बाईंची समजूत काढत होती.

‘बाई, तुमी नका ना रडू. आमाला माहिताय, तुमाला जायचं नव्हतं.’

शकूला चपला सापडल्या. तिनं त्या पायात घातल्या आणि घराकडं चालायला लागली.